कब कॅडेट १२३ : जुन्या बागट्रॅक्टरला हायड्रॉलिकचा लोडर

[दृश्य : ट्रॅक्टर जॅकवर. मागच्या हाउसिंगचा, म्हणजे गिअरच्या पेटीचा, ड्रेन प्लग सुटतो.]

तेलाचा रंग पाहा. दुधाळ चहा. तेलात पाणी मिसळलं की ते असंच दिसतं. तळाशी गाळही आहे, तो चिंधीने पुसूनच काढावा लागणार. पण चिंधी फिरते तिथे गिअरचे दाते बघा. एकही तुटलेला नाही.

हा कब कॅडेट १२३, इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचा बागट्रॅक्टर. आपल्याकडे द्राक्षबागेत जो छोटा ट्रॅक्टर फिरतो, त्याच्याहूनही हा लहान. अमेरिकेत घराभोवती एकरभर हिरवळ ठेवणारे लोक आहेत आणि उत्तरेच्या राज्यांत हिवाळ्यात दारासमोर बर्फ साचतो. अशा घरांसाठी केंटकी राज्यातल्या लुइव्हिलच्या कारखान्यात कब कॅडेट बनू लागला. पहिलं मॉडेल १९६१ च्या हंगामासाठी आलं. त्याच कारखान्यातून फार्मॉल कब हा शेतीचा ट्रॅक्टर बाहेर पडत होता, आणि कॅडेटची मागची बाजू त्याच घराण्यातली आहे. गवत कापायच्या यंत्राला ओतीव लोखंडाची एवढी जाड पेटी का, याचं उत्तर तिथे आहे.

ही कंपनी आपल्याला परकी नाही. १९६३ साली तिने महिंद्राबरोबर भागीदारी केली आणि मुंबईत कांदिवलीला बी-२७५ हा ट्रॅक्टर बनू लागला. ज्यांच्या वाड्यात तो उभा होता, त्यांनी त्यावरचं ‘इंटरनॅशनल’ हे नाव रोज वाचलेलं असेल.

[दृश्य : हायड्रोस्टॅटिक युनिट बाकावर, उघडलेलं.]

१२३ चं खरं वेगळेपण इथे आहे. १९६५ साली आलेला हा पहिला हायड्रोस्टॅटिक कब कॅडेट. याला क्लच दाबून गिअर बदलायचा नसतो. इंजिनाचा शाफ्ट सरळ मागे येतो आणि एक पंप फिरवतो. पंपात गोलाकार बसवलेले छोटे पिस्टन, त्यांच्या समोर तिरकी होणारी तबकडी. मेकॅनिक तिला स्वॉश प्लेट म्हणतात. तबकडी सरळ असली की पिस्टन जागच्या जागी फिरतात, तेल पुढे जात नाही, ट्रॅक्टर उभा. थोडी कलली की तेल शेजारच्या मोटरकडे धावतं आणि चाकं फिरतात. उलट बाजूला कलली की ट्रॅक्टर मागे. चालकाच्या हातात फक्त एक लिव्हर.

म्हणजे हायड्रॉलिक, तेलाच्या दाबावर चालणारं काम, या ट्रॅक्टरात आधीपासून आहे. पण ते सगळं चाकांसाठी. आपल्याला पुढे लोडर बसवायचा आहे. त्याची बकेट, खडी भरायची पाटी, उचलायची तर दुसरा पंप हवा.

[दृश्य : इंजिन. हेड उघडलेलं, नंतर एकदम रंगवलेलं.]

इंजिन कोहलरचं के-३०१. एक सिलिंडर, ४७६ सीसी, १२ एचपी, वॉल्व बाजूला. बोअर करून, नव्या रिंग टाकून ते आलं आहे. आता कॉन्टॅक्ट पॉइंट, प्लगची ठिणगी वेळेवर पाडणारे. ते इंजिनाच्या बाहेरच्या अंगाला, एका छोट्या झाकणाखाली आहेत. दोन स्क्रू काढायचे, फिलर गेज, म्हणजे अंतर मोजायची पातळ पट्टी, घालायचा, अर्ध्या मिलिमीटरचं अंतर ठेवायचं, झाकण लावायचं. साठ वर्षांपूर्वीचा हा शहाणपणा आजच्या सीलबंद डब्यांत कुठे गेला, हे ते डबे बनवणाऱ्यांनाच विचारावं.

तारेचा ब्रश, प्राइमर, रंग. पिवळा आणि पांढरा, कारखान्यातून आला होता तसाच.

[दृश्य : लोडरची सांगाडा-फ्रेम. वेल्डिंगच्या ठिणग्या.]

इथून काम नवं आहे. लोडर थेट ट्रॅक्टरच्या फ्रेमला जोडला तर ती वाकेल. म्हणून खालून दुसरी फ्रेम घातली आहे. ती पुढून निघते आणि मागच्या ॲक्सलच्या हाउसिंगला जाऊन आवळली जाते. भार त्या जाड ओतीव पेटीवर. मूळ ट्रॅक्टरला नवं भोक एकही पाडलेलं नाही, सगळं कारखान्याच्याच भोकांत नट-बोल्टने बसतं. अस्सलपणाचा आग्रह धरणारे तरीही नाक मुरडतील. मुरडू दे. बोल्ट सोडले की त्यांना हवा तो ट्रॅक्टर परत मिळतो.

तेलाची टाकी दिसत नाहीये ना? लोडरचे दोन उभे चौकोनी पाइप हीच टाकी. आतून पोकळ, खाली एका नळीने जोडलेले. जागा वाचते, आणि लोखंडाच्या एवढ्या मोठ्या अंगावरून तेल थंडही होतं. मात्र वेल्डिंग करताना आत कण पडतात. आता जे सोडलं जातंय ते दोरीला बांधलेलं लोहचुंबक. वर आल्यावर त्याला चिकटलेली काळी पूड बघा. यातला चिमूटभर जरी पंपात गेला असता, तरी गिअरवर चरे पडले असते. चुंबक स्वच्छ वर येईपर्यंत हेच चालू.

[दृश्य : पंप, पुली, पट्टा. होज जोडणं.]

गिअर पंप पुढे बसवला आहे. कॅडेटच्या इंजिनाला पुढच्या तोंडावर पीटीओची, म्हणजे जोडलेल्या अवजाराला ताकद देणारी, पुली असते, गवताचं पातं तिच्यावरच चालतं. त्याच पुलीवरून पंपाला पट्टा. याचा फायदा थंडीत कळतो. पीटीओ सोडलेला ठेवायचा, इंजिन मोकळं चालू करायचं, गरम झालं की पंप जोडायचा.

दोन होजमधला फरक पाहा. टाकीतून पंपाकडे येणारा पाऊण इंची, पंपातून निघणारा त्याच्या अर्धा. पंपाला तेल ओढायला त्रास झाला तर तेलात बुडबुडे होतात आणि पंपात खडे घातल्यासारखा आवाज येतो. दाबाच्या बाजूला जाडीची गरज नाही, मजबुती हवी.

पंप मिनिटाला ३ गॅलन, म्हणजे ११ लिटरच्या वर तेल देतो. दाब १,००० पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला हजार पौंड. एवढ्याला इंजिनाचे साधारण दोन एचपी जातात. लोडर उचलायचे, तेलाच्या दाबाने रॉड बाहेर ढकलणारे दोन सिलिंडर, प्रत्येक २ इंची. या दाबाला एक सिलिंडर सुमारे १,४०० किलोचा रेटा देतो. आकडा ऐकून हुरळू नका. सिलिंडर भुजेच्या बिजागरीजवळ लागतो, बकेट लांब टोकाला. तिथपर्यंत पोचेस्तोवर त्यातला थोडाच भाग उरतो.

[दृश्य : कंट्रोल वॉल्व, त्यावर प्रेशर गेज.]

हा वॉल्व ओपन सेंटर प्रकारचा. लिव्हर मध्ये असला की तेल पंपातून निघून, फिल्टरमधून, बिनत्रास टाकीत परत जातं. लिव्हर हलवला की सिलिंडरकडे. एका टोकाला फ्लोट आहे. तिथे बकेट जमिनीच्या उंचसखलाप्रमाणे आपोआप वरखाली होते.

बाजूचा स्क्रू रिलीफ वॉल्वचा. सिलिंडर टोकाला नेऊन लिव्हर धरून ठेवलाय, गेजचा काटा चढतोय. आठशे. नऊशे. पाव आटा आणखी. हजार. चेकनट आवळला. यापुढे दाब वाढला की तेल इथूनच टाकीत पळेल. हा वॉल्व नसता तर आधी होज फुटला असता.

[दृश्य : पुठ्ठ्याचा तुकडा जोडांवरून फिरतो.]

गळती पुठ्ठ्याने शोधायची, हाताने कधीही नाही. सुईएवढ्या भोकातून येणारं तेल कातडीतून आत शिरतं आणि ते थेट ऑपरेशनचं काम होतं.

[दृश्य : खडीचा ढीग. बकेट आत शिरते.]

पहिल्या खेपेला मागची चाकं जागेवरच गरगरली. वजन सगळं पुढे आलं होतं. मागे काँक्रीट भरलेलं पिंप टांगलं, आणि आता पाहा. पूर्ण वर जायला नऊएक सेकंद. खाली येताना वेळ कमी, कारण त्या बाजूला रॉडने जागा अडवलेली असते, तेल कमी लागतं. पुढे, मागे, पुढे, एकाच लिव्हरवर. क्लच असलेल्या ट्रॅक्टरवर लोडर चालवणाऱ्याचा डावा पाय संध्याकाळी काय म्हणतो, ते त्यालाच ठाऊक.

पुढचा ॲक्सल मुळात एवढ्या भारासाठी नव्हता. स्पिंडल, म्हणजे चाकं ज्यावर बसतात ते खुंटे, जाड घातले आहेत, तरी स्टिअरिंग जड लागतं, आणि भरलेली बकेट उतारावर उंच धरली तर ट्रॅक्टर उलटतो. लोडर असेपर्यंत गवताचं पातंही लावता येत नाही.

[दृश्य : वॉल्वची जवळून चौकट.]

वॉल्वला लिव्हर तीन आहेत. एक उचलायला, एक बकेट पालथी करायला. तिसऱ्याच्या दोन्ही तोंडांना सध्या प्लग मारलेत. बर्फाचं पातं डावी-उजवीकडे वळवायचा सिलिंडर तिथे लागेल. तो बाकावर आहे, रॉडवर खड्डे पडलेले, पुन्हा क्रोम व्हायला जायचा आहे.