काळ्या टी-शर्टवरचा लोगो

(दृश्य: हीट प्रेसचं झाकण वर होतं. फिल्म सोलली जाते. काळ्या टी-शर्टवर भगवा गोल, गोलाभोवती मळकट पांढरी कड.)

ही कड छपाईत आलेली नाही. ती फाइलमध्येच होती, पांढऱ्या कागदावर दिसत नव्हती इतकंच.

(दृश्य: संगणकाचा पडदा. तीच फाइल ४०० टक्के मोठी केलेली.)

गणेश मंडळाकडून आलेली ही फाइल जेपीजी आहे. भगवा गोल, त्यात पांढऱ्या रेषांचा गणपती, खाली काळ्या अक्षरांत मंडळाचं नाव, मागे सगळं पांढरं. टी-शर्ट काळा, म्हणजे कामं दोन: मागचं पांढरं घालवायचं आणि काळी अक्षरं पांढरी करायची. जेपीजीत पारदर्शकता साठवायची सोयच नाही. शिवाय तो चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे करून दाबतो, म्हणून अक्षरांभोवती ही करडी धूळ. पडद्यावर लाल, हिरवा आणि निळा यांचं प्रमाण ० ते २५५ या आकड्यांत मोजतात; तिन्ही २५५ म्हणजे शुद्ध पांढरं. आपल्याला पांढरं दिसतं ते सगळीकडे २५५ नसतं. इथे २५१ आहे, बाजूला २४४.

समोर उघडलंय ते गिंप, चित्रांवर काम करायचं सॉफ्टवेअर. स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये सुरू केलेलं. तेव्हापासून फुकट आणि सोर्स कोडसकट सर्वांना खुलं. ३.० आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली. मंडळाचा लोगो साफ करायला कुणाला दर महिन्याला पैसे मोजावे लागू नयेत, आणि गिंप असताना लागतही नाहीत.

(दृश्य: माउस लेयर मेन्यूवर.)

आधी लेयर, ट्रान्स्परन्सी, ॲड अल्फा चॅनेल, म्हणजे चित्राला पारदर्शक होण्याची सोय. हे करायचं राहून गेलं तर डिलीट दाबल्यावर तिथे बॅकग्राउंडचा रंग भरला जातो, आणि तो बहुधा पांढराच असतो. पांढरं पुसून पांढरंच. अर्धे लोक इथेच वैतागून सॉफ्टवेअर बंद करतात.

आता फझी सिलेक्ट, क्लिक केलेल्या जागेला लागून असलेला सारखा रंग निवडणारं साधन. पांढऱ्यावर क्लिक, डिलीट, आणि मागे बुद्धिबळाच्या पटासारखे करडे चौकोन आले. लांबून काम झालेलं दिसतं. जवळून पाहा. कडेचा पिक्सेल ना धड भगवा, ना धड पांढरा, दोन्हींचं मिश्रण. थ्रेशोल्ड, म्हणजे किती वेगळा रंग चालवून घ्यायचा तो आकडा, १५ वर असताना तो निवडीत येत नाही, मागे राहतो, आणि काळ्यावर चमकतो. थ्रेशोल्ड वाढवत नेला की उलटं होतं, बारीक वेलांट्या आणि मात्रा कुरतडल्या जातात. त्यात आपली देवनागरी. व, ब, क, प यांची पोटं बंद, तिथलं पांढरं तसंच राहतं. चित्रभर तोच रंग निवडणारं सिलेक्ट बाय कलर घेतलं तर पोटं निघतात, पण त्यासोबत गोलातला गणपतीही जातो.

(दृश्य: कलर टू अल्फाची खिडकी.)

हा रस्ता बऱ्याच व्हिडिओंमध्ये सांगतात: कलर टू अल्फा, म्हणजे निवडलेला रंग पारदर्शक करणं, रंग पांढरा. कडा सुरेख येतात, पण भगवा फसतो. लोगोतला भगवा म्हणजे लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१. निळ्यातले ते ५१ गिंपच्या हिशेबी पांढऱ्याचा अंश. तो काढून घेतला की उरतो ८० टक्के अपारदर्शक नारिंगी, हिरवा साधारण १२८ वर. पांढऱ्यावर ठेवला तर फरक कळणार नाही. काळ्यावर ठेवल्यावर बघा कसा विटका दिसतोय.

म्हणून गोल आणि अक्षरं वेगळी करायची.

अक्षरांभोवती चौकोनी निवड, कॉपी, मग पेस्ट ॲज न्यू लेयर इन प्लेस, म्हणजे अक्षरं त्याच जागी वेगळ्या थरावर. आता मूळ लेयरवर एलिप्स सिलेक्ट. कड गुळगुळीत करणारं अँटिअलायझिंग चालू ठेवा आणि गोल कडेपासून २ पिक्सेल आत ओढा. कंट्रोल-आयने निवड उलटी करा, म्हणजे गोलाबाहेरचं सगळं निवडलं जातं, मग डिलीट. मिश्र पिक्सेलची अख्खी रांग गेली, नवी कड गुळगुळीत, गणपती जागेवर.

(दृश्य: अक्षरांचा लेयर, शेजारी मास्कची छोटी चौकट.)

अक्षरं कापायचीच नाहीत. त्या लेयरवर ॲड लेयर मास्क, ग्रेस्केल कॉपी ऑफ लेयर, खाली इन्व्हर्ट मास्कवर खूण. मास्कमध्ये काळं अक्षर पांढरं होतं, म्हणजे दिसणारं; पांढरी जागा काळी, म्हणजे लपलेली. कडेचे करडे पिक्सेल आपोआप अर्धपारदर्शक, बंद पोटंही मोकळी. जेपीजीची धूळ मात्र अजून आहे, फिकट ढगासारखी. मास्क निवडून लेव्हल्स, म्हणजे काळं-पांढरं कुठून धरायचं ते ठरवणारी खिडकी, उघडा; काळं टोक २० वर, पांढरं २३५ वर. गेली.

मग रंग. मास्कवर नाही, लेयरच्या चौकटीवर क्लिक करून पांढरा भरा. मास्क निवडलेला असताना भरलात तर मास्कच पुसला जाईल आणि समोर एक ठोकळा येईल. इथे पाहा, मुद्दाम करून दाखवलंय. कंट्रोल-झेड. नीट भरल्यावर प्रत्येक मात्रा, प्रत्येक अनुस्वार शाबूत.

तपासायला खाली आधी काळा लेयर टाका, मग गडद गुलाबी. राहिलेली घाण गुलाबीवर चटकन दिसते. डीटीएफ, म्हणजे आधी फिल्मवर छापून मग कापडावर दाबायच्या छपाईत, रंगाखाली पांढऱ्या शाईचा थर बसतो, त्यामुळे अर्धपारदर्शक पिक्सेल जितके कमी तितकं बरं.

(दृश्य: नवा टी-शर्ट. कार्यकर्ते अंगाला लावून बघतात.)

एक टी-शर्ट वाया गेला, बाकीचे असे आले.

(दृश्य: एक्स्पोर्टची खिडकी.)

खालचे तपासणीचे लेयर बंद करा. सेव्ह म्हणजे एक्ससीएफ, गिंपची स्वतःची फाइल, त्यात लेयर आणि मास्क राहतात. पुढच्या वर्षी टी-शर्ट पिवळा निघाला तर तीच फाइल उघडायची. छापखान्यासाठी एक्स्पोर्ट ॲज, पीएनजी; त्यात पारदर्शकता टिकते. १० इंच रुंद छपाईला ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, ३००० पिक्सेल लागतात. लहान फाइल ताणून मोठी केली तर कड पुन्हा मऊ होते, त्यामुळे मोठी मूळ फाइल आधीच मागवून घ्या. आणि तयार पीएनजी व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून टाकू नका, वाटेत जेपीजी होतो आणि पारदर्शकता जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.