‘निम्म्याने मागू का?’ : अक्राचा बाजार, अक्राचा समुद्र

नमस्कार मंडळी! रत्नागिरीची मैत्रीण माझ्याकडे अक्राला, म्हणजे घानाच्या राजधानीत, आली होती, तेव्हा बाजाराचे आणि समुद्राचे छोटे व्हिडिओ टाकले होते. तेव्हापासून कमेंटमध्ये एकच धोशा: "ताई, तिथे भाव निम्म्याने पाडायचा ना?" तर आज यावरच बोलते, म्हणजे पुन्हा पुन्हा टाइप करायला नको.

आधी बाकीचं भराभर. घानाला यायचं तर यलो फीवरची लस, निघायच्या किमान 10 दिवस आधी. पिवळं कार्ड पासपोर्टलाच लावून ठेवा, कारण ते इथे उतरताना लागतं आणि परत भारतात उतरतानाही. नसलं तर क्वारंटाइनची वेळ येते. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा. पैसे म्हणजे सेडी, एका सेडीचे 100 पेसेवा, सुटे जवळ ठेवा. घड्याळ भारतापेक्षा साडेपाच तास मागे. झालं.

आता मकोला. अक्राच्या मध्यावरचा हा बाजार बायकांचा आहे. गाळा बाईचा, माल बाईचा, उधारीही बाईच्याच डोक्यावर. एकेका मालाची एक म्होरकी असते, टोमॅटोची वेगळी, याम नावाच्या कंदाची वेगळी. तिला मार्केट क्वीन म्हणतात आणि तिचा शब्द चालतो. 1979 साली लष्करी राजवटीने महागाईचं खापर या बायकांवर फोडलं आणि मकोलाचा मुख्य बाजार जमीनदोस्त केला. महागाई तशीच राहिली. बायका पुन्हा येऊन बसल्या. हे मुद्दाम सांगते, कारण "त्या लुटतात हो" असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

तर घासाघीस. टोमॅटो, मिरच्या, भेंडी इथे वाटे लावून मांडतात. तांदूळ, चवळी, आणि गारी म्हणजे कसावा नावाच्या कंदाचा भाजलेला रवा, हे ओलोंका नावाच्या डब्याने मापून मिळतं. तराजू क्वचित. वाट्याचा भाव ठरलेला असतो, शेजारच्या दहा जणींकडेही तोच. तो पाडायला गेलात तर ती तुमच्याकडे बघणंच सोडते. इथे भाव पाडायचा नाही, वर मागायचं. वाटा पिशवीत पडला की म्हणायचं, "आंटी, तो सो", म्हणजे जरा वर घाल. दोन टोमॅटो येतात, कधी मूठभर मिरच्या. आपली भाजीवाली कढीपत्ता टाकते ना, अगदी तसं.

आणि हे सगळं कधी? आधी "गुड मॉर्निंग" म्हटल्यावर! थेट बोट दाखवून "हाऊ मच?" केलंत की वरचं गेलंच म्हणून समजा. मैत्रिणीने पहिल्या गाळ्यावर तेच केलं, वर पैसे डाव्या हाताने पुढे केले. उजव्या हातात पिशवी होती, दुसरं काय करणार? पण बाई नोटांकडे बघेना. डाव्या हाताने देणं-घेणं इथे चालत नाही. प्रसादाला डावा हात पुढे केला की आजी काय म्हणायची ते आठवा.

एका दादांनी लिहिलंय, "आम्ही तुळशीबागेत निम्म्याने मागतो, देतात." दादा, देत असतील. कापडाच्या बाबतीत मी तुम्हाला थोडं मानतेही, कारण तिथे भाव खरंच हलतो. पण आधी माल ओळखा. वॅक्स प्रिंट उलटी करून बघा. खऱ्या मेणाच्या छपाईत रंग दोन्ही बाजूंनी सारखा बसतो. एकाच बाजूने छापलेलं स्वस्तातलं. काठावर कंपनीचं नाव छापलेलं असतं, तेही वाचा. पूर्ण पीस 12 यार्डांचा, अर्धा 6 यार्डांचा. हे न बघता डच कापडाचा, म्हणजे हॉलंडच्या महागड्या वॅक्स प्रिंटचा, भाव निम्म्याने मागितलात, तर ती हसून तेवढ्याच पैशांत दुसरं कापड काढून देईल आणि तुम्ही जिंकल्याच्या आनंदात घरी याल. आणि इथेही शेवटी वरच मागा. मैत्रिणीने अर्धा पीस घेतला, भाव थोडासाच उतरला, पण "वर काय?" म्हटल्यावर डोक्याला बांधायचा तुकडा मिळाला.

मध्येच एक. बाजारात मागून "आगो! आगो!" ऐकू आलं की बाजूला व्हा. डोक्यावर भलंमोठं घमेलं भरून हमाली करणाऱ्या मुली असतात, बऱ्याचशा उत्तरेकडून आलेल्या. ‘आगो’ म्हणजे वाट द्या. आमची कोकणातली बाई मात्र दर वेळी वळून बघायची, आपली आत्याच हाक मारतेय असं वाटून.

भावाचं अजून संपलं नाही. अक्राहून पश्चिमेला एल्मिना, गाडीने तीन-चार तास. तिथला किल्ला पोर्तुगीजांनी 1482 मध्ये बांधायला घेतला, म्हणजे गोवा घेण्याच्या 28 वर्षं आधी. पुढे 1637 मध्ये तो डचांनी घेतला. गुलाम म्हणून विकायची माणसं ज्या कोठड्यांत कोंडत त्या बघायच्या आहेत, तेव्हा निवांत वेळ ठेवा आणि आत रील करू नका. बाहेर खाडीत मासळीच्या होड्या लागतात. मैत्रीण थेट खलाशाकडे गेली भाव करायला. तो हसला आणि काठावरच्या बायकांकडे बोट दाखवलं. मासे पुरुष आणतात, विकतात बायका. होडीच्या इंधनाला पैसे बऱ्याचदा त्यांनीच दिलेले असतात. त्यांची म्होरकी, कोंकोहेमा, आलेल्या मासळीचा भाव ठरवते. कोळणीशी कसं बोलायचं हे रत्नागिरीकरणीला शिकवावं लागलं नाही. तिने भावाला हातच लावला नाही, वाट्यावर दोन मासे जास्तीचे घेतले. बघा, मला न विचारता जमलं! फक्त मंगळवारी जाऊ नका. या किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी मंगळवारी होड्या समुद्रात जात नाहीत, त्या दिवशी जाळी विणत बसलेले दिसतील.

आता पोहायचं. "मला समुद्र शिकवू नकोस," इति मैत्रीण. शिकवला. अक्राचा लाबादी बीच म्हणजे तिकीट, घोडे, ढोल, रविवारी ही गर्दी. दिसायला मजा, पण समोर उघडा अटलांटिक आहे. लाटा दुरून जोर घेऊन येतात आणि परतताना पाय ओढतात. ओढ लागलीच तर किनाऱ्याकडे हात मारत दमू नका. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर पडा, मग आत या. कोणी सोबत नसेल तर गुडघ्यापर्यंतच.

आणि हो, "वाळूत ते दोरखंड कसले दिसतात?" असं विचारलं होतं. ते कपडे आहेत. कांतामांतो नावाचा जुन्या कपड्यांचा प्रचंड बाजार आहे अक्रात, 2025 च्या जानेवारीत जळाला तोच. युरोप-अमेरिकेच्या कपाटांतून निघालेले गठ्ठे तिथे येतात. गठ्ठा न उघडता विकत घ्यायचा, आत चांगलं निघालं तर नशीब. न खपलेल्यातलं बरंच गटारांतून समुद्रात जातं आणि पीळ बसून किनाऱ्याला लागतं. तिथे बसणारी बाई गठ्ठ्याचे पैसे आधीच मोजून बसलेली असते, तेव्हा तिथे तरी "निम्म्याने" म्हणताना जरा विचार करा.

शेवटचा प्रश्न, शाकाहारींचं काय? वाचे घ्या, चवळी घालून केलेला लालसर भात, आणि केलेवेले, मसाला लावून तळलेली केळी. पण वाचेवर काळी चटणी घालतात ती शितो, तिच्यात सुकट असते. "नो शितो, नो फिश" दोनदा सांगा. आणि त्याआधी गुड मॉर्निंग!