मे महिन्यात पाणी कोण घालणार?

नमस्कार श्रोतेहो.

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ते सगळ्यात कडक नऊ दिवस, संपला. मृग लागायला आता दोन-चार दिवस. कूलरची टाकी अजून दिवसातून दोनदा भरावी लागते, पण संध्याकाळी आभाळ भरून येतंय आणि माणसं एकमेकांना पावसाचं विचारू लागली आहेत. नागपुरात हे दिवस आले की आणखी एक लगबग सुरू होते, ती वृक्षारोपणाची. उद्या पर्यावरण दिन. कंपन्या, बँका, शाळा, व्यापारी संघटना, गणेश मंडळं, लेआउटच्या कमिट्या, सगळ्यांचे फोन नर्सरीत खणखणत असतील. खड्डे खणून तयार असतील, बॅनर छपाईला गेले असतील. या सगळ्यांशी मला आज बोलायचंय, आणि खरं तर एकच गोष्ट विचारायची आहे. पुढच्या मे महिन्यात त्या झाडाला पाणी कोण घालणार?

आमच्या लेआउटमध्ये मुख्य रस्त्याच्या कडेला दुकानांची एक ओळ आहे. हार्डवेअर, किराणा, एक पानठेला, आणि उन्हाळ्यापुरती लागणारी रसवंती. काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात एका कंपनीनं त्या रस्त्यावर झाडं लावली. माणसं मनापासून आली होती, हे मी आधीच सांगते. त्यांनी स्वतः कुदळी धरल्या, चिखलात कपडे भरवले, आमच्या मुलांना झाडांची नावं सांगितली. प्रत्येक रोपाला लोखंडी जाळी आणि जाळीवर ‘सौजन्य’ लिहिलेली निळी पाटी. आम्ही टाळ्या वाजवल्या, सगळ्यांना चहा दिला. पावसाळाभर रोपं तरारली. दिवाळीपर्यंत सगळं छान होतं. होळी झाली आणि पानं गळू लागली. आम्हाला वाटलं, पानगळच आहे. एप्रिलमध्ये फांदीची साल नखानं खरवडून पाहिली तर आत हिरवं काहीच नव्हतं. पुढच्या नवतप्यात त्या रस्त्यावर जाळ्यांची ओळ उभी होती, पाट्या वाचता येत होत्या, आणि बहुतेक जाळ्यांच्या आत वाळलेली काडी होती.

दोष कंपनीच्या एकटीच्या माथी मारणं मला पटत नाही. त्यांना वाटलं, लोक पाणी घालतील. आम्हाला वाटलं, ज्यांनी लावलं ते कोणाला तरी पाठवतील. माझ्या घरापासून पहिली जाळी पन्नास पावलांवर होती. मी एक बादली नेली नाही. ती काडी मी आजही विसरलेले नाही.

नागपुरात रोप लावणं म्हणजे काय, हे जरा समजून घेऊ या. मे २०१३ मध्ये इथं पारा ४७.९ अंशांवर गेला होता. ४५ अंश तर कित्येक उन्हाळ्यांत गाठले जातात. त्यात आपली काळी माती. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला भेगा पडतात. हात जाईल इतक्या भेगा मी पाहिल्या आहेत. कोवळ्या रोपाची मुळं त्या भेगेत उघडी पडतात, तुटतात, आणि वरून गरम हवा थेट मुळापर्यंत जाते. वर्षभर जगलेलं रोप अशा पंधरा दिवसांत जातं. कडुनिंब, करंज, बहावा ही आपल्या मातीतली चिवट झाडं. त्यांची मुळं खाली ओलाव्यापर्यंत पोहोचली की ती कोणाकडे काही मागत नाहीत. पण तिथवर पोहोचायला त्यांना साधारण तीन उन्हाळे लागतात. म्हणजे जुलैतला एक दिवस आणि मग तीन उन्हाळे. आपण त्या एका दिवसाचीच तयारी करतो.

दुसऱ्या वर्षी आम्ही पुन्हा लावायचं ठरवलं, तेव्हा मी आधी दुकानांत गेले. रसवंतीवाल्या भाऊंना भेटले आणि अडखळत विषय काढला, की उन्हाळ्यात थोडं पाणी मिळेल का. ते म्हणाले, “ताई, गिलास धुतलेलं पाणी तं मी रोजच नालीत फेकून राहिलो. बर्फाचं पाणी वेगळंच. तुम्ही ड्रम आणून ठेवा, भरून देतो.”

इतकी साधी गोष्ट आम्हाला सुचली नव्हती. रसवंती फेब्रुवारीत लागते आणि जूनमध्ये उठते. झाडाला पाणी हवं असतं ते नेमक्या याच महिन्यांत. ज्या दिवशी ऊन जास्त, त्या दिवशी रस जास्त खपतो, गिलास जास्त धुतले जातात आणि ड्रमही जास्त भरतो. भाऊ गिलास साबण न लावता नुसत्या पाण्यानं विसळतात, तेव्हा ते पाणी झाडाला चालतं.

मग भाऊंनीच उसाच्या चिपाडांकडे बोट दाखवलं. रोज चुंगड्या भरून निघणारी ती चिपाडं टाकायची कुठं हा त्यांचाही प्रश्नच होता. आम्ही ती रोपांच्या बुंध्याशी पसरली. पहिल्या आठवड्यात फसलो. ओल्या चिपाडाला गोडवा असतो, त्यावर मुंग्या आणि माशांचं राज्य झालं, किराणावाले काका वैतागले. तेव्हापासून चिपाडं आधी दोन दिवस रस्त्याकडेला कडक वाळवतो, मग बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडून चार बोटं जाडीचा थर देतो. वाळवी लागू नये म्हणून मातीत मूठभर निंबोळी पेंड. मे महिन्यात एकदा दुपारी तीन वाजता मी तो थर बाजूला करून खाली बोट घातलं होतं. वर चप्पल चिकटेल असा डांबराचा रस्ता तापलेला, आणि खाली माती गार होती, ओली होती. भेग एकही नव्हती.

हार्डवेअरच्या दुकानानं नळी दिली. पानठेल्यावाल्या भाऊंनी काहीच दिलं नाही असं ते स्वतः म्हणतात, पण दिवसभर तिथं बसून गाई-बकऱ्यांवर नजर त्यांनीच ठेवली. लेआउटमधल्या घरांनी वार वाटून घेतले. आमच्याकडे मंगळवार आणि शुक्रवार.

आणि ती कंपनी? तिला आम्ही पत्र लिहिलं. या वेळी रोपं मागितली नाहीत. सुट्टीच्या दिवसांत, लोक गावाला गेलेले असताना पाणी घालायला एक माणूस आणि मोडलेल्या जाळ्यांची दुरुस्ती, तीही तीन वर्षं, एवढंच मागितलं. तिथले अधिकारी चांगले होते, पण म्हणाले, आमचा निधी मार्चच्या आत खर्च करावा लागतो, पुढच्या वर्षांचं वचन कसं देणार? इथं आमच्या लेआउटमधले एक सीए कामी आले. त्यांनी जे समजावलं ते मी तुम्हालाही सांगते, कारण पुष्कळ मंडळांना आणि काही कंपन्यांनाही हे माहीत नसतं.

२०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५. आदल्या वर्षी निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यातली कोणतीही एक मर्यादा गाठलेल्या कंपनीला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के समाजासाठी खर्च करावे लागतात. पर्यावरणाचं रक्षण त्यात बसतं. शिवाय कंपनी जिथं काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही कायदा सांगतो. म्हणजे बुटीबोरीच्या किंवा हिंगण्याच्या कारखान्याला आधी आपल्या कुंपणापलीकडचं गाव दिसलं पाहिजे. आणि आमच्या कामाची गोष्ट ही, की २०२१ पासूनच्या नियमांनुसार कंपनीच्या संचालक मंडळानं एखादं काम ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर केलं, तर सुरुवातीचं वर्ष सोडून पुढं तीन वर्षांपर्यंत ते चालवता येतं. उरलेला पैसा वेगळ्या खात्यात ठेवून त्यावर खर्च करता येतो. झाडाला तीन उन्हाळे लागतात आणि कायदाही तीन वर्षं देतो! ते अधिकारी कागद घेऊन गेले आणि दीड महिन्यानं होकार आला.

तेव्हा उद्या कंपनीकडे जाताना शंभर रोपं मागू नका, वीस मागा. उरलेल्या ऐंशी रोपांचा पैसा त्या विसांच्या तीन उन्हाळ्यांसाठी मागा. संख्या लहान झाली की फोटो लहान होतो, हे मला कळतं. कंपनीतल्या लोकांनाही वर अहवाल द्यायचा असतो. पण अहवालात लागवडीच्या आकड्याशेजारी तीन वर्षांनी जगलेल्या झाडांचा आकडा असावा, हा आग्रह आपण धरला नाही तर कोण धरणार?

छोट्या दुकानदाराला असला कोणताही कायदा लागू नाही. तो तरीही देतो, आणि त्यात त्याचा लाभ असेल तर मला त्यात वावगं काही वाटत नाही. मे महिन्यात आपण गाडी कुठं लावतो? दुकान कोणतं हे नंतर, आधी सावली शोधतो. धरमपेठ असो की महाल, ज्या दुकानासमोर कडुनिंब आहे तिथं भर दुपारीही चार गाड्या उभ्या दिसतात. कित्येक चहाच्या टपऱ्या तर झाड होतं म्हणूनच तिथं लागल्या. आमच्या किराणावाल्या काकांना मी हेच सांगितलं होतं. त्यांच्या दारातला करंज आता छतापर्यंत आलाय, आणि त्याच्या बुंध्याला कोणी गाडी टेकवली तर काका गल्ल्यावरून उठून बाहेर येतात.

अशी भागीदारी नागपूरला नवी नाही. आपल्या पाणपोया आठवा. इतवारीतला व्यापारी जागा आणि रांजण द्यायचा, लाल कापड ओलं ठेवायचं काम मोहल्ल्यातल्या कोणाकडे तरी असायचं. रोज सकाळी रांजण घासून पुन्हा भरला जायचा म्हणून ती पाणपोई. नुसता रांजण ठेवून निघून गेलं असतं तर कोणाची तहान भागली असती?

पौर्णिमेच्या रात्रीचा तो उपक्रमही तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. प्रा. अनिल सोले महापौर असताना त्यांना सुचलेली ती कल्पना. पौर्णिमेला रात्री आठ ते नऊ गरजेपुरते सोडून बाकीचे दिवे बंद ठेवायचे. महापालिका आणि ग्रीन व्हिजिल ही संस्था, त्यांचे तरुण स्वयंसेवक एखाद्या चौकात उतरतात आणि दुकानादुकानांत जाऊन पाटीवरचे दिवे मालवायची विनंती करतात. एका तासात किती वीज वाचते यापेक्षा मला त्यातलं सातत्य आवडतं. दर महिन्याला कोणीतरी दारात येऊन उभं राहतं, म्हणून दुकानदाराचा हात बटणाकडे जातो.

मोठ्या कामांतही हेच दिसतं. आपण घरात वापरून सोडून दिलेलं पाणी भांडेवाडीला शुद्ध होतं आणि कोराडीच्या वीज केंद्रात जातं. दिवसाला १३ कोटी लिटर क्षमतेचा तो प्रकल्प. ते केंद्र चालवणाऱ्या महानिर्मिती या सरकारी वीज कंपनीला पाणी मिळतं, महापालिकेला त्याचे पैसे मिळतात, आणि तेवढं पेंचचं स्वच्छ पाणी धरणात राहतं. तिथं पाटी लावून कोणी निघून जाऊ शकत नाही. एक दिवस पाणी थांबलं तर दुसरीकडे लगेच कळतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायला हवी. फाटकाच्या आत काळं पाणी नाल्यात सोडायचं आणि फाटकाबाहेर आपल्या नावाची झाडं लावायची, हे मला मान्य नाही. नाग नदीच्या काठानं चालून बघा, काय काय वाहत येतं ते. त्यात कारखान्याचं असतं, दुकानाचं असतं आणि आपल्या घरचंही असतं. जो येईल त्याच्यासोबत काम करू, पण त्याचं सांडपाणी कुठं जातं, हे विचारायचा हक्क मोहल्ल्यानं झाडांच्या बदल्यात सोडू नये. चांगली कंपनी या प्रश्नानं दुखावत नाही, उत्तर देते.

तर उद्या खड्ड्यात रोप ठेवण्याआधी पाच मिनिटं थांबा. कंपनीचा एक माणूस, एक दुकानदार आणि आसपासच्या घरांतली एक व्यक्ती, तिघांनी मिळून एका कागदावर लिहा, की मार्चपासून जूनपर्यंत पाणी कुठून येणार आणि कोणत्या वारी कोण घालणार. तो कागद पाटीवरच रंगवून घ्या. ‘सौजन्य’ वर राहू द्या, त्याच्या खाली ‘पाणी : मंगळवार, शुक्रवार’ आणि घराचं किंवा दुकानाचं नाव. आमच्या रस्त्यावर तशा पाट्या आहेत. वार चुकला की लोक थांबून विचारतात.

परवा रसवंती उठली. चरक खोलून टेम्पोत चढवला, ड्रम उलटा करून आमच्या फाटकाशी आणून ठेवला. निघताना भाऊ त्या करंजाखाली उभे राहिले, रस्त्याच्या पलीकडे बघितलं आणि म्हणाले, “ताई, यंदा तीन झाडं त्या बाजूले लावा. चारनंतरचं ऊन तिकडूनच येते.”

नमस्कार.