आधी देऊळ, मग आंघोळ

श्रोतेहो, नमस्कार.

वज्रेश्वरीला जा, उन्हवऱ्याला जा, नाहीतर गोव्याच्या वाटेवर तुरळला थांबा. आपली रीत ठरलेली. आधी गरम पाण्याच्या कुंडात आंघोळ आणि मग ओल्या केसांनी देवदर्शन. जपानच्या समुद्राजवळ, ह्योगो प्रांताच्या उत्तर टोकाला किनोसाकी नावाचं लहानसं गाव आहे. तिथली जुनी रीत याच्या बरोबर उलटी. आधी डोंगरावरच्या देवळात जायचं, हात जोडायचे, तिथून पाणी घ्यायची एक पळी मिळायची, ती घेऊन खाली उतरायचं आणि मगच गरम पाण्याला शिवायचं. आज बहुतेक लोक स्टेशनवर उतरतात ते थेट आंघोळीलाच जातात. जुनी पद्धत माहीत असलेला एखादाच आधी वर जातो. माझं ऐकाल तर तुम्ही आधी वरच जा.

देवळाचं नाव ओन्सेनजी, म्हणजे गरम झऱ्याचं देऊळ. कथा अशी सांगतात की दोची शोनिन नावाचे एक भिक्षू इथे आले, लोकांची दुखणी बरी व्हावीत म्हणून त्यांनी हजार दिवस मंत्रपठण केलं, आणि 720 साली जमिनीतून गरम पाणी उसळलं. देऊळ 738 सालचं. पाणी आधी आलं, देव अठरा वर्षांनी आले. आतली मुख्य मूर्ती आहे अकरा मुखांच्या कान्नोनची. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर, बौद्धांचा करुणेचा बोधिसत्त्व. मुंबईकरांना तर तो परका नकोच. बोरिवलीच्या जंगलात कान्हेरीला 41 क्रमांकाच्या लेण्यात अकरा शिरांचा अवलोकितेश्वर दगडात कोरलेला आहे. शाळेच्या सहलीला आपण त्याच्यासमोरून डबा खायला पळालेलो असतो, एवढंच. किनोसाकीची मूर्ती मात्र लाकडाची आणि एरवी बंद दाराआड. 33 वर्षांतून एकदा तिचं दार उघडतात, पण उघडलं की सलग तीन वर्षं दर्शन. मागच्या वेळी ते 2018 साली उघडलं होतं.

वर जायला 1963 पासून रोपवे आहे. तो देवळापाशी मध्येच थांबतो आणि मग शिखरावर जातो. गुडघे धड असतील तर जाताना रोपवे घ्या आणि येताना देवळाच्या दगडी पायऱ्यांनी उतरा. देवदारांची गर्द सावली, शेवाळलेले दगड, त्यामुळे पावसात पाय जपून टाका. आणि पाऊस असतोच. त्या भागात म्हणतात, जेवणाचा डबा विसरलात तरी चालेल, छत्री विसरू नका. रत्नागिरीच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

खाली गावात ओतानी नावाची चिमुकली नदी आहे. दोन्ही काठांवर विलोची झाडं, मध्ये दगडी कमानीचे पूल आणि लाकडी दुमजली-तिमजली ऱ्योकान, म्हणजे पारंपरिक पाहुणघरं. सात सार्वजनिक स्नानगृहं. संध्याकाळी सगळे पाहुणे युकाता, म्हणजे पुढे एकावर एक बाजू घेऊन बांधायचा सुती झगा, घालून, पायात लाकडी गेता अडकवून, हातात छोटी टोपली घेऊन एका स्नानगृहातून दुसऱ्यात जात असतात. गेतांचा खडखडाट असा की वऱ्हाड निघाल्यासारखं वाटतं. युकाताची डावी बाजू वर यायला हवी. उजवी वर घेतात ती प्रेताला नेसवताना. ऱ्योकानची बाई हे पहिल्याच दिवशी हसत हसत, पण नीट बघून, दुरुस्त करून देते.

लोक इथे बाहेर का येतात, हा खरा प्रश्न. जपानमध्ये बहुतेक ठिकाणी ऱ्योकानमध्येच मोठं स्नानगृह असतं, पाहुणा बाहेर पडतच नाही. इथे गावानं ते होऊ दिलं नाही. 1920च्या दशकाच्या शेवटी एका ऱ्योकाननं स्वतःच्या आवारात गरम पाण्याचं स्नानगृह काढलं आणि गाव उठलं. झरा कुणाचा, जमीनमालकाचा की गावाचा? प्रकरण कोर्टात गेलं ते वीसेक वर्षं चाललं. शेवटी 1950 साली तडजोड झाली. ऱ्योकानांना आत स्नानगृह ठेवता येईल, पण लहान. गावाचं म्हणणं साधं होतं. अख्खं गाव हीच एक धर्मशाळा: स्टेशन हा दिंडी दरवाजा, रस्ते म्हणजे ओसऱ्या, ऱ्योकान म्हणजे खोल्या आणि सात स्नानगृहं ही सगळ्यांची न्हाणीघरं. 1972 पासून वेगवेगळ्या झऱ्यांचं पाणी एकत्र करून नळांनी गावभर फिरवलं जातं. त्यामुळे अमक्या स्नानगृहाचं पाणी जास्त गुणकारी वगैरे कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. पाणी एकच, इमारती वेगळ्या. मला विचाराल तर या गावाचं खरं प्रेक्षणीय स्थळ तो खटलाच आहे. तो झाला नसता तर पाहुणा संध्याकाळभर खोलीतच राहिला असता आणि पुलांवर चिटपाखरू दिसलं नसतं.

हे जुनं दिसणारं गाव तसं फार जुनं नाही. 23 मे 1925 ला, जेवणाच्या चुली पेटलेल्या असताना भूकंप झाला आणि भूकंपामागून आग. गाव जवळजवळ सगळं जळलं. लोकांनी पुन्हा लाकडीच घरं बांधली, पण मधूनमधून काँक्रीटच्या इमारती उभ्या केल्या, पुढची आग तिथे अडावी म्हणून. नदीच्या काठांना बांधलेला दगड नीट पाहा. तो काळा आहे, बेसॉल्ट. जवळच्या गेनबुदो गुहेत भूकंपानं कोसळलेले नैसर्गिक षटकोनी खांब होते, तेच वापरले. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर असेच दगडी खांब उभे आहेत. याच गेनबुदोच्या दगडावर मोतोनोरी मातुयामा या शास्त्रज्ञाला 1926 साली दिसलं, की त्यातलं चुंबकत्व उलट्या दिशेचं आहे. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव कधीकाळी उलटे होते, या कल्पनेला त्यातून बळ मिळालं.

आता, श्रोत्यांपैकी निम्म्यांच्या मनात जे आहे ते बोलते. हो, कपडे सगळे काढायचे. पुरुष वेगळीकडे, बायका वेगळीकडे, पण आतमध्ये अंगावर काही नाही. आमच्याबरोबर साताऱ्याच्या एक काकू होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही जा बाई, मी बाहेर टोपल्या सांभाळते." बसल्याही. मग दरवाजा उघडता-मिटताना त्यांना आत एक जपानी आजी दिसली, बुटक्या स्टुलावर बसलेली, आणि तिची सात-आठ वर्षांची नात तिची पाठ घासत होती. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. थोड्या वेळानं काकू आमच्या शेजारी पाण्यात, डोक्यावर छोट्या पंचाची घडी ठेवून, आणि निघायचं नाव काढेनात. त्यांच्या हातावर तुळशीवृंदावन गोंदलेलं. जपानमध्ये गोंदलेल्या माणसाला बऱ्याच ठिकाणी आत घेत नाहीत. किनोसाकीची सातही स्नानगृहं घेतात.

नियम थोडकेच. पाण्यात उतरण्याआधी स्टुलावर बसून साबणानं स्वच्छ आंघोळ. साबणाचा थेंबही कुंडात जाता कामा नये. केस वर बांधायचे. पंचा पाण्यात बुडवायचा नाही. पाणी चांगलंच कढत असतं, म्हणून एका दमात फार वेळ बसू नका. सात स्नानगृहं एका संध्याकाळी उरकणारे पाहिले आहेत मी, शेवटी खुर्चीत कोसळलेले. दोन-तीन पुरेत.

रोपवेच्या पायथ्याशी मूळ झऱ्याचं पाणी 81 अंशांचं आहे. तिथे जाळीच्या पिशवीत कच्ची अंडी विकत मिळतात. पिशवी दोरीनं पाण्यात सोडायची, दहा-बारा मिनिटं काठावर गप्पा मारायच्या, मग मीठ लावून खायची. आमच्यातल्या शाकाहारी मंडळींचे मात्र हाल झाले. भाजीच्या रश्शातसुद्धा वाळवलेल्या माशाचं पाणी असतं, त्यामुळे "मांस नको" एवढं सांगून भागत नाही. "मासा नको, माशाचं पाणीही नको" हे खोली ठरवतानाच लिहून कळवा. आयत्या वेळी स्वयंपाकी हात वर करतो. मासे खाणाऱ्यांची नोव्हेंबर ते मार्च चंगळ: मात्सुबा खेकडा, वाफवलेला, भाजलेला, भातात शिजवलेला. किंमत मालवणच्या माणसाला विचारू नका, भांडण होईल.

क्योतोहून जलद गाडी अडीच तासांत पोचवते. ऱ्योकानमध्ये उतरलेल्यांना सातही स्नानगृहं फुकट, बाहेरच्यांना तिकीट. प्रत्येक स्नानगृह आठवड्यातून एक दिवस बंद असतं आणि सगळ्यांचा वार एकच नसतो, तेव्हा पोचल्या पोचल्या ऱ्योकानमध्ये विचारून घ्या. नमस्कार.