पाणी सुटतं, जिवाणू अडकतो

(दृश्य : कोल्हापूरचा राजाराम बंधारा. बरग्यांना, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्यांना, अडकलेलं केंदाळ, म्हणजे जलपर्णी.)

लांबून हिरवीगार लॉन वाटते. जवळ गेलं की नाकाला रुमाल. पंचगंगेतल्या केंदाळाला खत कोण घालतं? आपणच की. सांडपाण्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस, म्हणजे ऊस जे खातो, तेच. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. आज बघायचंय, हे सांडपाणी गोबरगॅससारखं, हवेविना साफ करता येतं का.

(दृश्य : गोठ्यामागचा गोबरगॅस.)

हे यंत्र कोल्हापूरकराला शिकवायला नको. हवा बंद केली की आतले जिवाणू शेण कुजवतात आणि मिथेन देतात. शहराच्या सांडपाण्यावरही ते राबतील. पण मिथेन करणारे हे जीव वाढतात फार सावकाश. शेणकाला टाकीत महिना-दीड महिना मुरतो. शहराचं सांडपाणी वाहणाऱ्या जयंती नाल्याचं पाणी इतके दिवस ठेवायचं कुठे? काही तासांत ते पुढे सरकायला हवं, आणि जाताना जिवाणूंनाही सोबत नेणार.

(दृश्य : मेम्ब्रेनच्या नळ्यांचा जुडगा, अगदी जवळून.)

म्हणून हा पडदा. शेवयांसारख्या पोकळ नळ्या, आणि त्यांची छिद्रं एक मायक्रोमीटरहून बरीच लहान. जिवाणू साधारण एक मायक्रोमीटरचा. पाणी सुटतं, तो आतच राहतो. ॲनएरोबिक, म्हणजे हवेविना चालणारा, मेम्ब्रेन बायोरिॲक्टर! नाव भारदस्त; पण गोबरगॅसला गाळणी लावली, एवढंच समजा.

सांडपाणी साफ करणाऱ्या नेहमीच्या केंद्रात हवा मारणारे ब्लोअर विजेचा मोठा वाटा खातात. इथे जिवाणूंना हवा नकोच. गाळही कमी निघतो. घाणीचं माप म्हणजे सीओडी. त्यातला एक किलो संपला की सुमारे ३५० लिटर मिथेन मिळू शकतो. हुरळून मात्र जाऊ नका. घरगुती सांडपाण्याच्या हजार लिटरमध्ये सीओडी अर्धा किलोच्या आसपास, डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशमध्ये, म्हणजे तिथल्या सांडपाण्यात, शंभर किलोच्या घरात. गॅसची चंगळ तिकडे. शिवाय थोडा मिथेन पाण्यात विरघळून बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा पंचवीसएक पट तापदायक, म्हणून तोही धरावा लागतो.

(दृश्य : गुऱ्हाळ. काहिलीवरची मळी काढणारा गुळव्या.)

मळी वेळेवर काढली नाही तर गूळ बिघडतो. मेम्ब्रेनचंही तसंच. नळ्यांवर चिकट थर साचतो आणि पाणी सुटेनासं होतं. मग टाकीतलाच गॅस खालून बुडबुड्यांनी सोडून हा थर खरवडायचा, अधूनमधून हायपोक्लोराइट आणि सायट्रिक ॲसिडने धुवायचं. वाचलेल्या विजेतली थोडी इथे जातेच.

(दृश्य : काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी. मग उसाची सरी.)

पाणी नितळ दिसतं, पण अमोनिया आणि फॉस्फेट त्यात तसंच उरतं. नदीत सोडलं तर केंदाळाची मेजवानी. उसाला दिलं तर खताची गोणी वाचते. माझ्या मते उसालाच द्यावं. पण पावसाळ्यात बरगे निघतात, शेतं तुंबलेली असतात, आणि हे पाणी कुणाला नको असतं. शहराचे नळ तर चालूच. त्या चार महिन्यांसाठी अमोनिया काढणारी वेगळी टाकी पुढे जोडावीच लागेल, आणि तिला हवा लागते.