तेल्या आणि तापानुली

(दृश्य: सांगोला तालुका. मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी फुलोरा धरलेली डाळिंबाची बाग. पाऊस नुकताच थांबलेला.)

हे ‘भगवा’ जातीच्या डाळिंबाचं पान. उजेडात धरा. हा ठिपका तेल सांडल्यासारखा दिसतोय ना? म्हणून या रोगाचं नाव तेल्या. तो पसरवणाऱ्या जिवाणूचं शास्त्रातलं नाव झँथोमोनस ॲक्झोनोपोडिस पॅथोव्हार प्युनिकी; बागायतदाराचं त्यावाचून काही अडत नाही. फळावर काळा डाग पडतो, डागावर फळ तडकतं, आणि मग व्यापारी बागेत पायसुद्धा ठेवत नाही.

हवा दमट आणि तापमान २८-३० अंश असलं, की हा जिवाणू काही तासांत एकाचे दोन होतो. पावसाचे थेंब आपटून उडाले की शेजारच्या झाडावर. छाटणीच्या कात्रीवरून पुढच्या ओळीत. रोगट रोपातून थेट दुसऱ्या जिल्ह्यात.

(दृश्य: सुमात्रा. धुक्यातलं जंगल.)

आणि हा तापानुली ओरांगउटान. मलय भाषेत ओरांग म्हणजे माणूस, हुतान म्हणजे जंगल. उत्तर सुमात्रातल्या बातांग तोरूच्या डोंगरांपलीकडे तो जवळपास कुठेच नाही. वेगळी जात म्हणून त्याची नोंद झाली २०१७ साली, आणि तेव्हाच उरले होते जेमतेम आठशे. बारसं झालं ते असं.

मादीला पहिलं पिल्लू होईतो ती साधारण पंधरा वर्षांची होते. एका वेळी बहुधा एकच. पुढचं सात ते नऊ वर्षांनी! तोवर पहिलं आईच्या मागे मागे. कुठलं फळ कधी पिकतं, रात्रीचं घरटं कसं विणायचं, सगळं तिच्याकडूनच शिकायचं. तेवढ्यात आईच गेली, तर ती जागा भरायला पंधरा वर्षं लागतात. जंगल तुटतं ते मात्र एका हंगामात.

आपल्याला हा हिशेब नवा नाही. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक मोजणाऱ्यांना विचारा. तोही पक्षी हंगामात बहुधा एकच अंडं घालतो.

तेल्या मात्र कोणी मोजत नाही. मोजतात ती डाग पडलेली फळं.

(दृश्य: पुन्हा बाग.)

गळलेल्या पानांत आणि रोगट फांद्यांत तो तग धरून असतो. म्हणून पाला वेचून जाळायचा. झाडागणिक कात्री निर्जंतुक द्रावणात बुडवायची, मजूर कुरकुरले तरी. या बागेच्या मालकानं यंदा मृग संपल्यावर झाडांना विश्रांती द्यायचं ठरवलंय. पुढचा बहार तो हस्ताचा धरणार आहे, पाऊस सरल्यावर.