घर खाली करून घ्यायचंय? आधी कराराचं पहिलं पान वाचा

नमस्कार मंडळी.

गेल्या आठवड्यात एका काकूंचा फोन आला. आवाज रडवेला. करार मार्चमध्ये संपला, तीन महिने एक पैसा मिळालेला नाही आणि माणूस घर सोडत नाही. मला म्हणाल्या, "प्लंबर दारात उभा आहे. त्यांचं पाणी बंद करून टाकू का?"

मी म्हटलं, काकू, नळाला हात लावू नका. प्लंबरला चहा पाजून परत पाठवा, कपाटातून करार काढा आणि पहिलं पान मला वाचून दाखवा.

पाण्यावरूनच सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात. आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 लागू आहे. त्याच्या कलम 29 प्रमाणे घरमालकाने पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट अशा गरजेच्या सोयी तोडणं हा गुन्हा आहे. कुलूप बदलून सामान बाहेर काढलंत तर तो माणूस सहा महिन्यांच्या आत दिवाणी कोर्टात जाऊन ताबा परत मागू शकतो. घर तुमचं आहे हे तिथे उत्तर होत नाही. तीन महिने थकवणारा तो, आणि पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेले तुम्ही. असं होताना मी पाहिलंय आणि फार वाईट वाटतं.

आता ते पहिलं पान. त्यावर "लीव्ह अँड लायसन्स" (म्हणजे ठराविक मुदतीपुरती राहायची नुसती परवानगी) लिहिलंय की ती जुनी भाडेपावतीवाली भाडेकरी आहे? इथे रस्ता फुटतो. नोटीस, मुदत, कुठे जायचं, सगळं यावर ठरतं.

लीव्ह अँड लायसन्स असेल आणि मुदत संपली असेल, तर कलम 24 तुमच्या बाजूने आहे. इथे कोर्टात दावा लावायचा नसतो, सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे याच कायद्याखाली अशी प्रकरणं ऐकायला नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत समोरच्याने प्रतिज्ञापत्र देऊन "मला लढायची परवानगी द्या" असं मागावं लागतं. नाही मागितलं, तर तुमचं म्हणणं त्याला कबूल आहे असं धरतात. शिवाय मुदत संपल्यावर तो राहतो त्या काळासाठी लायसन्स फीच्या (करारात ठरलेल्या भाड्याच्या) दुप्पट दराने भरपाई मागता येते. लेखी करारात जे लिहिलंय तो त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा. म्हणून तारखा नीट वाचा. मुदत संपल्यावर नोटीस द्यायलाच हवी असं इथे कायदा म्हणत नाही, पण मी द्या म्हणतो. करार अमुक तारखेला संपला, अमुक दिवसात ताबा द्या, नाहीतर दुप्पट दराने मागणी करू. एवढं एका पानात बसतं.

एक गैरसमज मात्र आजच काढून टाका. "11 महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला?" महाराष्ट्रात कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती चुकली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि त्याहून मोठं नुकसान असं की अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत.

आता दुसरा रस्ता, म्हणजे खरी भाडेकरी. भाडं थकलं म्हणून घर खाली करून हवं असेल, तर कलम 15 प्रमाणे आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून 90 दिवस थांबावं लागतं. त्याआधी दावा चालत नाही. दावा लावल्यावरही, समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत त्याने सगळी थकबाकी 15 टक्के सरळव्याजासह कोर्टात भरली, पुढचं भाडं आणि खर्चही देत राहिला, तर त्या कारणावर घर खाली करण्याचा हुकूमनामा मिळत नाही. मालकांना हे टोचतं, मला कळतं. पण कायद्याचा हेतू पैसे वसूल व्हावेत हा आहे, माणूस रस्त्यावर यावा हा नाही, आणि मला तो रास्त वाटतो.

पोटभाडेकरू ठेवला, परवानगीशिवाय पक्कं बांधकाम केलं, सहा महिने घर विनाकारण बंद ठेवलं, मालकाला स्वतःला खरी गरज आहे, ही कारणं कलम 16 मध्ये आहेत. गरजेच्या दाव्यात कोर्ट दोघांपैकी कुणाची अडचण मोठी, हे तोलतं.

थकबाकीच्या नोटिशीत आकडे मोघम नकोत. कोणत्या महिन्याचे किती, ओळीने लिहा. खाली सही. पोस्टाने पोचपावतीसह पाठवा, किंवा हातात द्या. तो नसेल तर घरातल्या माणसाकडे दिली तरी चालते. तेही जमत नसेल तर दारावर ठळक जागी चिकटवा आणि फोटो काढून ठेवा. नुसत्या व्हॉट्सॲपवर विसंबू नका.

(लखोटा कॅमेऱ्यासमोर धरून) आणि हे नीट बघा. पोस्टमनने निळ्या पेनाने लिहिलंय, "घेण्यास नकार", खाली तारीख. नोटीस परत आली म्हणून लोक हिरमुसतात. अहो, हा तर तुमचा पुरावा आहे! पत्ता बरोबर असेल तर असा नकार म्हणजे नोटीस मिळाली, असंच कोर्ट साधारणपणे धरतं. फक्त तो लखोटा उघडू नका. आमच्याकडे हेच झालं होतं. बाबांनी परत आलेला लखोटा टर्रकन फाडला, आत काय आहे बघायला. आत त्यांचीच नोटीस! वकिलांनी कपाळाला हात लावला. आता आत हेच पत्र होतं हे कशावरून, असं समोरचा म्हणणार. नोटीस पुन्हा पाठवली आणि 90 दिवस पहिल्यापासून मोजले. तेव्हापासून आमच्या घरात बंद लखोटे पावतीसकट प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये राहतात.

तर काकूंचा करार निघाला लीव्ह अँड लायसन्सचा, रीतसर नोंदवलेला, मुदत 31 मार्चला संपलेली. काल त्यांची नोटीस पोस्टात पडली. सक्षम प्राधिकाऱ्याकडच्या अर्जाला कोणती कागदपत्रं जोडायची, ते पुढच्या व्हिडिओत काकूंचाच अर्ज समोर ठेवून दाखवतो, नाव-पत्ता झाकून. त्यांनी तशी परवानगी दिली आहे.